संशोधनातील रिकाम्या जागा आणि यंत्राचे साहाय्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आज आपण ज्या विद्यार्थ्यांचा गौरव केला, त्यांपैकी काहीजण पुढे पीएच.डी.च्या प्रबंधाकडे वळतील. प्रबंधाने ज्ञानात काही नवी भर घालावी, ही त्याची पहिली अट. म्हणून इतरांनी काय लिहिले हे वाचून, कोठे जागा रिकामी आहे ते शोधावे लागते. हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आता काही मिनिटांत करून देते, असे म्हणतात. त्या म्हणण्यात तथ्य किती, याविषयी आम्ही चार शब्द सांगू इच्छितो.

शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक डॉन स्वॉन्सन यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात व बोटे पांढरी पडतात, असा रेनो नावाचा एक विकार आहे. या रोग्यांचे रक्त अधिक दाट असते, असे काही निबंधांत नमूद होते. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे दुसऱ्या निबंधांत होते. परंतु एका गटाला दुसऱ्याची वार्ता नव्हती. १९८६ साली स्वॉन्सन यांनी ही दोन टोके जोडून दाखविली. ते वैद्य नव्हते. त्यांनी केवळ छापलेले वाचले होते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अन्य रोगाशी निगडित नसलेल्या रेनो विकारात या तेलाचा गुण आल्याचे दिसले. रिकामी जागा कित्येकदा अशी दोन भरलेल्या कपाटांच्या मधोमध असते.

एवढे वाचणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे झाले आहे. तेथे यंत्राचा खरा उपयोग. २०१९ साली अमेरिकेतील बर्कले येथील शास्त्रज्ञांनी सुमारे ३३ लाख निबंधसारांशांवर यंत्र तयार केले. केवळ जुन्या वर्षांचे सारांश दिले असता, उष्णतेपासून वीज निर्माण करणारे जे पदार्थ पुढे प्रकाशात आले, त्यांपैकी काही या यंत्राने आधीच सुचविले.

तथापि, विद्यार्थ्यांनो, एक भेद मनावर कोरून ठेवा. ‘सापडले नाही’ आणि ‘नाहीच’ ही दोन उत्तरे भिन्न आहेत. यंत्राच्या वाचनात जे आले नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. त्याआधी १८९८ पासूनच राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास आरंभ केला होता. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांच्या रुमालांचा फार मोठा भाग तर अद्याप देवनागरीतही उतरलेला नाही. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्यास यंत्राने ‘या विषयावर काम झालेले नाही’ असे सांगितले, तर ते केवळ इंग्रजी निबंधांपुरतेच खरे असू शकेल. त्या भरवशावर उमेदीची पाच वर्षे आणि आईबापांची पुंजी खर्ची पडावी, आणि शेवटी परीक्षकाने साठ वर्षांपूर्वीचा मराठी ग्रंथ पुढे ठेवावा, याहून मोठे दुर्दैव कोणते?

उलट दोषही आहे. जे नाही, ते आहे असेही यंत्र बेधडक सांगते. २०२३ साली न्यूयॉर्क येथील दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड ओढवून घेतला. प्रबंधाच्या संदर्भसूचीतही हाच धोका संभवतो.

म्हणून आमचे सांगणे इतकेच: यंत्राकडून दिशा घ्यावी, निर्णय घेऊ नये. त्याने दाखविलेला प्रत्येक निबंध स्वतः उघडून वाचावा. ‘रिकामी’ म्हणून दाखविलेली जागा ग्रंथालयात, मराठी नियतकालिकांत व जाणत्या अध्यापकांकडे पडताळावी. जागा खरोखरच रिकामी ठरली, तरी ती भरण्याजोगी आहे काय, हा प्रश्न उरतोच; त्याचे उत्तर आपल्या विवेकानेच द्यावयाचे असते.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. घरातील जुनी दप्तरे व मोडी कागद रद्दीत घालू नयेत. ते एखाद्या संशोधन-संस्थेकडे सुपूर्त करावेत. उद्याच्या एखाद्या अभ्यासकाची रिकामी जागा कदाचित त्यांतूनच भरून निघेल.