राखणीला ग्रेट डेन? आधी निगा समजून घ्या

मळ्याच्या राखणीला ग्रेट डेन आणायचा बेत असेल, तर आधी हिशेब करा. जर्मनीत वाढवलेली ही जात. नर ३० इंचांच्या आसपास उंच, वजन ६० किलोंच्या घरात. आयुष्य मात्र साधारण ७ ते १० वर्षांचं.

पिल्लाला मनानंच जादा कॅल्शियम चारू नका. हाडांची वाढ बिघडते. खाणं दोन-तीनदा विभागून घाला, अन् खाल्ल्यावर तासभर पळवू नका. पोट फुगलं, लाळ गळतेय, उमाळे येऊनही उलटी पडत नाही, तर जठराला पीळ पडला असं समजा. काढे पाजत बसू नका. लागलीच पशुवैद्यकाकडे न्या. काही तासांत जनावर दगावतं.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचा, पुढंही वेळेवर. एवढी निगा झेपणार नसेल, तर आपला गावठी कुत्राच बरा!