ओझं मोजा, मत मोजा
मी गोदी कामगार. ओझं मोजायची सवय हाय. आज हिंगोलीचे खासदार मोजू. १९७७ला जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील. १९८०, १९८४, १९८९, तिन्हीदा काँग्रेसचे उत्तमराव राठोड. १९९१ला शिवसेनेचे विलासराव गुंडेवार. १९९६पासून शिवाजी माने अन् सूर्यकांता पाटील आळीपाळीनं. २००९ला सुभाष वानखेडे, २०१४ला राजीव सातव, २०१९ला हेमंत पाटील, २०२४ला नागेश पाटील आष्टीकर. झेंडे बदलत गेले.

पण सातव निवडून आले अवघ्या १,६३२ मतांनी! एवढी मतं तर आपल्या चार-पाच वस्त्यांत निघतात. बाबासाहेबांनी धन्याच्या अन् हमालाच्या मताची किंमत एकच ठरवली. ती बाटलीवर उधळू नका. दारात येईल त्याला आधी हिशेब मागा.

जय भीम!