टाकीतलं पोवळं मेलं की मिटलं?

आम्ही घाटंजीच्या बचत गटाच्या बाया. समुद्र आपल्यापासून किती लांब! आमच्यातल्या बहुतेकींनी तो टीव्हीतच पाहिला. पण समुद्रातल्या एका जीवापायी आमच्या गटाचे दोन हप्ते थकले, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

आमच्यातली एक ताई कापसाची वेचणी संपली की मृग लागेपर्यंत नागपूरला एका घरी राहून काम करते. त्या घरात खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. तिच्यात मासे थोडे, आणि दगडांवर बसलेली मऊ पोवळी जास्त. मे महिन्यात मालक मंडळी आठ दिवस बाहेरगावी गेली आणि टाकी ताईच्या भरवशावर राहिली. तिसऱ्या दिवशी छत्रीसारखं मोठं पोवळं मिटलं. त्याच्यावरचे बारीक तुरे आत गेले आणि अंगावर मेणासारखी चकाकी आली. मालकीण परतल्यावर म्हणाली, साबणाचे हात घातलेस, मारून टाकलंस. महिन्याचा पगार अडवून ताईला घरी पाठवलं. ताई बैठकीत रडत सांगत होती, "म्या त्याले हातबी नाही लावला हो!"

पाच-सहा दिवसांनी त्याच घरच्या स्वयंपाकवाल्या बाईचा फोन आला. पोवळ्याच्या अंगावरून पातळ सालपट सुटून गेलं होतं आणि ते पुन्हा पहिल्यासारखं फुललं होतं.

मग आम्ही चौकशी केली. नागपुरात मासे विकणाऱ्या एका दुकानदाराला विचारलं. एका सदस्येची मुलगी यवतमाळला प्राणिशास्त्र शिकते, तिनेही पुस्तक उघडून समजावलं. अंगठीतलं लाल पोवळं असतं ना, तो एका प्रवाळाचा सांगाडा. टाकीतलं मऊ पोवळं त्याच्याच भावकीतलं. ते झाड नाही, प्राणी आहे. खरं तर एकमेकांना चिकटून राहणाऱ्या शेकडो बारीक जीवांची वसाहत. प्रत्येकाला आठ तुरे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं पोवळ्याला मिळतं. छत्रीसारख्या जातीला मधूनमधून कात टाकायची सवय असते. तेव्हा ती काही दिवस मिटून बसते, अंगावर मेणचट पापुद्रा धरते. पाण्याचा प्रवाह चांगला असला की तो पापुद्रा वाहून जातो. म्हणजे ताईच्या देखरेखीत काहीच चुकलं नव्हतं.

मग खरं आजारपण कसं ओळखायचं? हे आम्हांला पऱ्हाटीवरूनच पटकन समजलं. वावरात एकच झाड मलूल दिसलं तर आपण त्याच्या मुळाशी बघतो. सगळी ओळ मलूल असली तर पाण्याकडे, खताकडे बघतो. टाकीचंही तसंच. एकच पोवळं मिटलं आणि बाकीची फुललेली आहेत, तर बहुधा ते त्याचं स्वतःचं कारण. सगळीच मिटली, मासेही वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर दोष पाण्यात. मालकांना लगेच फोन करायचा.

त्यानंतर बुडखा बघायचा. मिटलेलं असलं तरी बुडखा घट्ट, ताठ असेल तर घाई नको. बुडखा काळा पडला, गळू लागला, तपकिरी चिकट द्रव सुटला, पाण्याला कुजका वास आला, तर ते खरंच सडतंय. रंग उडून पांढरं पडत चाललं तर आतलं शेवाळ निघून जातंय असं समजावं. पाणी तापलं की बहुतेक वेळा हेच होतं. टाकीचं पाणी साधारण २४ ते २७ अंश लागतं आणि नागपूरचा मे आपल्याला ठाऊक आहे. वीज गेली की थंड करणारं यंत्र बंद, पाणी फिरवणारा पंपही बंद.

पाणी आटलं की मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर मिठाच्या पाण्याने नाही, गोड्या शुद्ध पाण्याने घालायची. साबण, फिनाईल, डास मारायचा फवारा टाकीजवळ नको. आणि दगडावर बटनांसारखी गोल गोल पोवळी असतील तर ती खरवडायची नाहीत, त्यांच्यावर गरम पाणी ओतायचं नाही. त्यांच्यातल्या काहींत जहाल विष असतं, वाफेतूनही बाधतं. मालकाने सांगितलं तरी नाही म्हणायचं.

अशी पोवळी आपल्या महाराष्ट्रातही आहेत बरं का. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे. टिपेश्वरच्या वाघाला कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, तिच्यातच २००१ पासून दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखेही आहेत. आमच्या बैठकीत हे ऐकून हसू पिकलं होतं. वाघ अन् पोवळं एका यादीत!

पगाराचं म्हणाल तर आम्ही दोघी-तिघी नागपूरला गेलो, दारात उभं राहून बोललो. पोवळं समोरच फुललेलं दिसत होतं. अर्धा पगार मिळाला. बाकी अर्धा अजून मिळालेला नाही. गटाने ताईच्या हप्त्यांना मुदत दिली, दंड लावला नाही. त्यावर एकीने कुरकुर केली, तीही ऐकून घेतली.

या उन्हाळ्यात ताई दुसऱ्या घरी आहे. तिथे टाकी छोटी आहे. मालक गावाला निघाले की ती पहिल्या दिवशी त्यांच्यासमोरच टाकीचा फोटो काढते, मग रोज सकाळी दिवे लागल्यावर एक फोटो त्यांना पाठवते आणि आमच्या गटावरही टाकते. आम्हीही आता चहा पिता पिता बघतो, कोण मिटलंय, कोण फुललंय.