शाळेत लेकरांना कसं वाटतं? आकडे वाचू या

 

लेकरू शाळेतून आलं की आपण काय विचारतो? डबा खाल्ला का, अभ्यास काय दिला, मार्क किती पडले. "तुला शाळेत बरं वाटतं का? भीती तर वाटत नाही ना?" हे मात्र राहून जातं. आज आपण त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहोत.

हा प्रश्न सरकारनं मुलांना विचारलेला आहे. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभर राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं. तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची मिळून सुमारे ३४ लाख मुलं त्यात बसली. भाषा-गणिताच्या परीक्षेसोबत मुलांना एक प्रश्नावली दिली होती, शिक्षकांना दुसरी आणि शाळेला तिसरी. निकाल मे २०२२ मध्ये आला आणि प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं प्रगतिपत्रक निघालं. तसं आपल्या जालन्याचंही निघालं. शाळेत किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयात ते मागून बघता येतं.

देशभरातली उत्तरं अशी आली. शंभरातल्या ९६ मुलांना शाळेत यायला आवडतं. ९४ मुलांना शाळेत सुरक्षित वाटतं. ९७ टक्के शिक्षक आपल्या कामावर समाधानी आहेत.

ऐकायला छान वाटतं. पण बाजारात आपण टोपलीतली वरची टोमॅटो बघून पैसे देतो का? खालची चाचपून बघतो. आकडेही तसेच चाचपायचे असतात.

पहिली गोष्ट. ९४ जणांना सुरक्षित वाटतं, म्हणजे सहा जणांना तसं म्हणता आलं नाही. ५० मुलांच्या वर्गात हे प्रमाण धरलं तर ती तीन लेकरं झाली. ती कोण? पाण्याच्या टाकीजवळ मोठ्या मुलांचा मार खाणारं? संडासाला कडी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी सातवीतली मुलगी? आकडा हे सांगत नाही. तो फक्त बोट दाखवतो, शोधायचं काम गावाचं असतं. आणि त्याच मुलीनं पुढं "मला शाळेत जायचं नाही" म्हटलं, की घरात लग्नाचा विषय निघायला वेळ लागत नाही. म्हणून हे तीनचं गणित आपल्याला महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट. उत्तर कोणी दिलं आणि कोणाचं राहिलं? त्या दिवशी वर्गात जे होते त्यांनाच विचारलं गेलं. नोव्हेंबर म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. आईबापासोबत कारखान्याच्या कोपीवर गेलेल्या लेकराला कोण विचारणार? शाळा आवडेनाशी होऊन घरी बसलेल्या मुलीचं उत्तरही त्या शंभरात नाही. आणि या सर्वेक्षणात आईबापांसाठी प्रश्नावलीच नव्हती. मुलं बोलली, गुरुजी-बाई बोलल्या, शाळा बोलली. घर राहिलं.

तिसरी गोष्ट. उत्तरं जुळत नाहीत तेव्हा काय समजायचं? ९७ टक्के शिक्षक समाधानी, पण त्यातच ६५ टक्के शिक्षक म्हणाले की कामाचा बोजा जास्त आहे. यातलं एक खोटं आहे का? नाही. आपल्यालाही लेकरं सांभाळायला आवडतं, तरी संध्याकाळी कंबर दुखतेच की. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण बैठकीला गेला, की दुसऱ्याला सगळे वर्ग एकट्यानं सांभाळावे लागतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं लावता येत नाहीत. हे माहीत असेल तर गुरुजींवर चिडायच्या आधी त्यांच्या बाजूनंही आपण बोलू शकतो.

आणखी एक बघा. ८९ टक्के मुलं म्हणतात, शाळेत शिकलेलं आम्ही घरी सांगतो. आणि २५ टक्के शाळा म्हणतात, मुलांच्या शिकण्याला पालकांचा आधार मिळत नाही. लेकरू चुलीपाशी बसून आपल्याला कविता म्हणून दाखवतं, ते शाळेला दिसत नाही. आपण पालकसभेला गेलो नाही, तेवढंच दिसतं. ज्याला जिथून जे दिसतं, तो ते सांगतो. म्हणून उत्तरं जुळली नाहीत की भांडायचं नाही, मधे काय अडलंय ते विचारायचं.

आता घराचं जे राहिलंय, ते आपण भरून काढू शकतो. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्याप्रमाणे तिच्यात ७५ टक्के सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. या समितीतल्या बायांनी सहीपुरतं जाऊ नये. मुख्याध्यापकांना सांगून शाळेत छोटी विचारपूस करावी.

प्रश्न तीनच ठेवा. तुला शाळेत यायला आवडतं का? शाळेत किंवा वाटेवर भीती वाटते का? अडचण आली तर शाळेत सांगायला कोणी आहे का? लिहून घेऊ नका, लहान गावात अक्षर ओळखतात. एका प्रश्नाला एक तांब्या, वर फडकं बांधलेलं. प्रत्येक लेकराच्या मुठीत ज्वारीचा एक दाणा आणि हरभऱ्याचा एक दाणा. 'हो' असेल तर ज्वारी टाकायची, 'नाही' असेल तर हरभरा. उरलेला दाणा दुसऱ्या झाकलेल्या भांड्यात टाकायचा, म्हणजे कोणी काय टाकलं ते कळत नाही. तांब्याजवळ वर्गशिक्षक नकोत आणि आईही नको. हीच पद्धत लिहिता-वाचता न येणाऱ्या आयांसाठी चालते आणि शिक्षकांसाठीही चालते.

मुलींचे दाणे वेगळे मोजा. एकत्र मोजले तर मुलांच्या 'हो'मध्ये मुलींचं 'नाही' बुडून जातं. पण एखाद्या वर्गात तीन-चारच मुली असतील तर वेगळं मोजू नका, नाव उघडं पडतं. अशा वेळी दोन-तीन वर्ग एकत्र करा. आणि लहान शाळेत टक्के काढू नका. २० मुलींच्या शाळेत एक मुलगी म्हणजे पाच टक्के. "२० पैकी चार जणींना वाटेवर भीती वाटते," असं सरळ सांगा.

एक गोष्ट मात्र दाण्यांवर सोडायची नाही. एखाद्या लेकरानं कोणी अंगाला हात लावतं किंवा छळतं असं सांगितलं, तर बैठकीची वाट बघू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फुकट लागतो. शाळांसाठी सखी सावित्री समितीही मार्च २०२२ पासून ठरलेली आहे. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे, हे आजच विचारा.

मोजून झालं की निकाल पेटीत ठेवू नका. मुलांना सांगा, आयांना सांगा, गुरुजींना सांगा. मग एकच काम निवडा. संडासाला कडी, वाटेवरचं झुडूप तोडणं, मुलींनी मिळून जायची वेळ, काहीही. ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि शाळा विकास आराखड्यात घाला. लेकरानं 'नाही' सांगितलं आणि काहीच बदललं नाही, तर पुढच्या वेळी ते ज्वारीच टाकेल. आकडा सुधारलेला दिसेल, लेकराचं दुखणं तसंच राहील.

सहा महिन्यांनी तेच तीन प्रश्न, त्याच शब्दांत पुन्हा विचारा. तेव्हा कळेल, आपण काही केलं की नुसतीच बैठक घेतली.

आणि तोपर्यंत आज रात्री भाकरी थापता थापता आपल्या लेकराला विचारून बघा. तिथं तांब्या लागत नाही आणि दाणाही लागत नाही. फक्त उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं.

भेटू पुढच्या कार्यक्रमात. रामराम.