‘चालत नाही’ म्हणून घरात ठेवलेला कट्टा



आज मी तुमच्याशी गावठी कट्ट्याबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून काही जणी म्हणतील, बाई, आमचा काय संबंध? आमच्या घरात विळा-कोयत्याशिवाय दुसरं हत्यार नाही. नसेलच, आणि नसावंच. पण कट्टा बाळगला म्हणून पकडलेल्या पोरांच्या बातम्या आपण वाचतो. ती पोरं कुठल्या ना कुठल्या गावचीच असतात. आणि पकडला जाईपर्यंत तो कट्टा कोणाच्या तरी घरातच पडून असतो. गादीखाली, पत्र्याच्या पेटीत, धान्याच्या कोठीत. घर आवरताना तो पहिल्यांदा कोणाच्या हाताला लागणार? बाईच्याच.

तिनं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. “अगं, जुना आहे, गंजलाय, चालत नाही.” या उत्तरावर विश्वास ठेवावा का? मी नोकरीची बरीच वर्षं सरकारी प्रयोगशाळेत जप्त शस्त्रं तपासण्यात घालवली. ज्यांचं कामच हे आहे, ती माणसं असल्या कट्ट्याशी कशी वागतात ते सांगते. मग तुम्हीच ठरवा.

आपल्या राज्यात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत. मुख्य प्रयोगशाळा मुंबईला कलिन्यात. नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, कोल्हापूर, नांदेड इथे विभागीय प्रयोगशाळा आहेत. रक्त, विष, दारू यांची तपासणी तिथे होते, तशी बंदुकांचीही होते. त्या विभागाला बॅलिस्टिक विभाग म्हणतात. पोलिसांनी पकडलेलं हत्यार सीलबंद पाकिटातून तिथे येतं. कोर्टाला मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात. हे हत्यार खरंच गोळी झाडू शकतं का? आणि गुन्ह्याच्या जागी सापडलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं टोपण, याच हत्यारातली आहे का?

आता हा कट्टा असतो कसा ते बघा. कारखान्यातली बंदूक मापात बनते, तिचं पोलाद तपासलेलं असतं. कट्टा बनतो भंगारातून. नळी म्हणजे लोखंडी पाईपचा तुकडा, नाहीतर गाडीच्या स्टिअरिंगचा दांडा कापलेला. मूठ लाकडाची, स्क्रूनं आवळलेली. घोडा कानशीनं घासून बसवलेला. चुकून गोळी सुटू नये म्हणून चांगल्या पिस्तुलाला जो खटका असतो, तो इथे बहुधा नसतोच. काडतूस मात्र कारखान्यात बनलेलं, पूर्ण ताकदीचं. बरेच कट्टे 12 बोअरच्या किंवा .315 बोअरच्या काडतुसासाठी बनवलेले असतात. .315 म्हणजे साधारण 8 मिलिमीटर. हे काडतूस मुळात परवान्याच्या रायफलीचं. रायफलीच्या भक्कम नळीसाठी भरलेली दारू इथे भंगारच्या पाईपात पेटते.

तुमच्या घरातला कुकर आठवा. रिंग सैल झाली, शिट्टी तुंबली, तर आपण तो गॅसवर ठेवायला घाबरतो. कुकरमध्ये वाफेचा जो दाब असतो, त्याच्या हजार पटींहून जास्त दाब रायफलीचं काडतूस पेटताना नळीत तयार होतो. तोही डोळ्याची पापणी लवायच्या आत. अशा वेळी पाईपला बारीकशी चीर असेल, तर नळी फाटते. काडतुसाची जागा सैल असेल तर पुंगळी फुटते आणि आग मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर येते. बोटं जातात, डोळा जातो. म्हणजे हे हत्यार समोरच्याला जेवढं धोक्याचं, तेवढंच हातात धरणाऱ्यालाही.

म्हणून प्रयोगशाळेत आम्ही काय करतो? पाकीट उघडण्याआधी सील शाबूत आहे का ते बघतो. मग पहिलं काम म्हणजे आत काडतूस राहिलंय का ते तपासणं. कागदावर ‘रिकामा’ लिहिलेलं असलं तरी तपासायचंच. नंतर नळीतून कापसाचा बोळा फिरवून दारूचा अंश मिळतो का ते पाहतो. त्यावरून हे हत्यार आधी झाडलं गेलंय का याचा अंदाज येतो. चाप किती जोर लावल्यावर सुटतो ते वजन लावून मोजतो. काही कट्ट्यांचा चाप इतका हलका असतो की लहान पोराच्या बोटानंही सुटेल. काहींचा घोडा नुसत्या धक्क्यानं पडतो. हत्यार फळीवरून खाली पडलं तरी पुरे.

मग चाचणी. चांगल्या स्थितीतलं कारखान्याचं पिस्तूल तज्ज्ञ हातात धरून झाडतात. कट्टा तसा झाडत नाहीत. तो लोखंडी शिकंज्यात आवळतात, चापाला दोरी बांधतात, माणसं जाड आडोशामागे जातात आणि तिथून दोरी ओढतात. गोळी कापूस भरलेल्या लांब पेटीत नाहीतर पाण्याच्या टाकीत झाडतात, म्हणजे ती न चेपता परत मिळते.

कधी दोरी ओढली की नुसतं ‘टक्’ होतं. बाहेरचा माणूस म्हणेल, बघा, चालत नाही. आम्ही त्या वेळी जागेवरून हलत नाही. काही वेळा दारू उशिरा पेट घेते आणि क्षणभर गप्प बसलेला बार नंतर उडतो. म्हणून थांबायचं, मगच जवळ जायचं. पहिल्या दोन वेळा न उडालेला कट्टा तिसऱ्या वेळी उडू शकतो. नळीला तडा दिसला, तर पूर्ण काडतूस वापरतच नाहीत. गोळी आणि दारू काढून टाकतात, आणि नुसत्या पुंगळीवर घोडा पाडून ठसा घेतात.

हा ठसा कशासाठी? घोडा पडला की पुंगळीच्या बुडावर खळगा उमटतो. कानशीनं घासलेल्या लोखंडाच्या रेघाही उमटतात. हातानं बनवलेले दोन कट्टे एकसारखे नसतात, त्यामुळे खुणाही वेगळ्या. चाचणीची पुंगळी आणि गुन्ह्याच्या जागची पुंगळी जोड सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवतात आणि रेघ न् रेघ जुळवतात. एका चाचणीवर भागत नाही, निदान दोन घेतात. कारण त्याच खुणा पुन्हा उमटतात का, हे बघावं लागतं. हत्यार ओलीत पडून गंजलं, कोणी पॉलिश पेपरनं घासलं, तर त्या रेघा पुसल्या जातात आणि पुरावा जातो. एखाद्या घरच्या मेलेल्या माणसाचा न्याय त्या केसाएवढ्या रेघांवर अवलंबून असतो.

आता कायदा. शस्त्र अधिनियम 1959 सालचा आहे. 2019 मध्ये दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. विनापरवाना बंदूक किंवा कट्टा बाळगला तर कमीत कमी 2 वर्षं आणि 5 वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. बनवणं-विकणं यासाठी 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. वरातीत, मिरवणुकीत हौस म्हणून बेफिकीरपणे बार काढून कोणाच्या जिवाला धोका केला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग हत्यार परवान्याचं का असेना. आणि कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात त्याचे सुटे भागही येतात. त्यामुळे ‘अर्धवट आहे, मोडका आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही.

बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. घरात हत्यार सापडलं म्हणून घरातली प्रत्येक बाई आपोआप गुन्हेगार ठरत नाही. हत्यार घरात आहे हे तिला माहीत होतं का, हे महत्त्वाचं ठरतं. पण माहीत झाल्यावर तिनं ते उचलून पिठाच्या डब्यात लपवलं, तर गोष्ट बदलते. मायेपोटी केलेली लपवालपवी तिच्याच अंगावर येते.

मग हाताला लागलंच तर करायचं काय? हात लावायचा नाही. उचलून बघायचं नाही, चाप ओढून ‘चालतो का’ हे तर अजिबात नाही. पुसायचं नाही, विहिरीत टाकायचं नाही, भंगारवाल्याला द्यायचं नाही. पोरांना त्या खोलीतून बाहेर काढायचं, दार लावायचं आणि 112 ला फोन करायचा. नवरा किंवा घरातलं कोणी ते दाखवून धमकावत असेल, तर तो घरगुती हिंसाचारच आहे. आधी स्वतः आणि मुलं सुरक्षित जागी जा, मग 112 किंवा महिलांसाठीच्या 181 वर फोन करा.

कट्टा पोटच्या पोराचा असेल तर फोन करताना आईचा हात थरथरणार. पोरावर गुन्हा होऊ शकतो, हे मी लपवत नाही. म्हणूनच सांगते, कायदेशीर सल्ला घ्या. बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 वर फोन करा. पण वेळ काढू नका. तो कट्टा घरात जितके दिवस राहील, तितके दिवस धोका आहे. कोर्टात उभा असलेला मुलगा घरी परत येऊ शकतो. नळी फुटून गेलेला हात परत येत नाही.

शेवटचं. उद्या पोलिसांनी तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर घाबरू नका. हत्यार तुमच्यासमोर पाकिटात घातलं का, सील तुमच्यासमोर लागलं का, हे नीट बघा. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानं करावंच लागतं. पंचनामा वाचल्याशिवाय, वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय, सही किंवा अंगठा देऊ नका. प्रयोगशाळेतलं सगळं काम त्या सीलपासून सुरू होतं.

पुढच्या बैठकीत हा विषय काढा. सुना-लेकींनाही सांगा. ज्या हत्याराला तपासणारी माणसं झाडताना हातात धरत नाहीत, त्याला आपल्या घरात जागा नाही.