दहा रुपयांची थाळी आणि उरलेले चाळीस

26 जानेवारी 2020 रोजी महाराष्ट्रात शिवभोजन योजना सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात आणि किंमत फक्त दहा रुपये. पण शहरात एका थाळीचा दर पन्नास रुपये धरला होता, ग्रामीण भागात पस्तीस. मग वरचे चाळीस किंवा पंचवीस रुपये द्यायचे कोणी? ते सरकारी अनुदानातून.

स्वयंपाक मात्र सरकार करत नाही. तो महिला बचत गट, स्वयंसेवी संस्था आणि खानावळी करतात. रोज किती थाळ्या वाढायच्या, हे प्रत्येक केंद्राला ठरवून दिलेलं असतं. जेवणाऱ्याची नोंद फोटोसह ॲपवर होते आणि त्या हिशेबावर अन्न व नागरी पुरवठा विभागाकडून अनुदान मिळतं. कोरोनाच्या टाळेबंदीत थाळी पाच रुपयांना मिळू लागली, एप्रिल 2021मध्ये ती काही काळासाठी मोफत झाली. तसा सरकारचा वाटाही वाढला.

गरजूंपर्यंत अन्न पोहोचवण्याची दुसरी पद्धतही आहे. नेदरलँड्समध्ये पहिली अन्नपेढी (फूड बँक) 2002मध्ये रॉटरडॅमला सुरू झाली. तिथली भिस्त दान आलेल्या अन्नावर आणि स्वयंसेवकांवर. आपल्याकडे भिस्त अनुदानावर. किराणा रोज भरावा लागतो, म्हणून बिलं वेळेवर निघाली तरच बचत गटाची चूल पेटती राहते.