कास सुजते तेव्हा आत काय घडतं?



संध्याकाळच्या धारेला ठणठणीत असलेली गाय सकाळी तापानं फणफणते, चाऱ्याला तोंड लावत नाही, आणि एका सडातून दुधाऐवजी पिवळसर पाणी येतं. आपण म्हणतो, दगडी झाली. एका रात्रीत एवढं कशानं होतं?

शेणातला ई. कोलाय हा जंतू सडाच्या छिद्रातून कासेत शिरतो. त्याचं विष त्याच्या बाहेरच्या आवरणातच असतं. जंतू वाढताना आणि मरताना ते दुधात सुटतं. कासेतल्या पेशींवर हे विष ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांतलं मुख्य टीएलआर-४. विष ओळखलं गेलं की या पेशी रासायनिक संदेश सोडतात, आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी काही तासांतच कासेत धावून येतात. निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात साधारण १ लाखाहून कमी पेशी असतात. आता त्या कधीकधी कोटीच्या घरात जातात! काही संदेश रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात. ताप येतो, भूक मरते.

म्हणजे ही सूज आणि ताप बरेचसे गाईच्याच पेशींनी आणलेले असतात. म्हणून नुसत्या प्रतिजैविकावर विसंबू नका. जंतू मेला तरी त्याचं विष मागे उरतं. सलाइन, सूज उतरवणारं औषध यांचा निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या, आणि त्यांना लगेच बोलवा. डायक्लोफेनॅक मात्र टोचू नका. गिधाडांच्या मुळावर आलेलं ते औषध जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे.

गाय विण्याच्या आधी आणि नंतर दोन-तीन आठवडे या न्यूट्रोफिल पेशी मंदावतात. त्या दिवसांत गोठा कोरडा हवाच. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाईपुढे चारा टाका, म्हणजे ती अर्धा तास तरी उभी राहील. तेवढ्यात सडाचं छिद्र आवळतं.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची तऱ्हा वेगळी. त्याची विषं न्यूट्रोफिललाच भोकं पाडून मारतात. पुष्कळदा ताप नसतो, कास मऊ असते, दूध तेवढं घटत जातं. मला याचीच जास्त धास्ती वाटते, कारण दुखणं दिसत नाही म्हणून कुणी शोधत नाही. त्यासाठी सीएमटी चाचणी आहे, गोठ्यातच होते. द्रावणानं दुधातल्या पेशी फुटतात, आणि पेशी जास्त असतील तर दूध चिकट होतं. चारी सडांचं दूध वेगवेगळं तपासा. हा जंतू हातांनी आणि फडक्यानं एका गाईचा दुसरीला लागतो. तेव्हा अशा गाईची धार सगळ्यांत शेवटी काढा, हात साबणानं धुवा, आणि तिचं दूध कालवडीला पाजू नका.